नालव्रण : प्रकार आणि कारणे

बंगळूर हे शहर मराठी वाचकांस सर्वस्वी परके नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे होते. त्या शहराच्या जुन्या किल्ल्यालगत म्हैसूर संस्थानच्या सरकारने १८९२ साली एक नवी वसाहत आखली आणि तिला तत्कालीन महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव दिले. तीच चामराजपेट होय. या पेठेत आणि तिच्या शिवेवर, एकमेकांपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, चार सार्वजनिक रुग्णालये उभी आहेत. १९०० साली उघडलेले व्हिक्टोरिया रुग्णालय, त्याच्याच आवारातील मूत्रपिंड व मूत्रमार्ग यांच्या विकारांची संस्था, १९१३ साली आपल्या प्रशस्त वास्तूत आलेले मिंटो नेत्र रुग्णालय आणि १९३५ साली स्थापन झालेले स्त्रिया व मुले यांच्यासाठीचे वाणीविलास रुग्णालय.

या चार दारांशी एकाच सकाळी चार रुग्ण आले आहेत अशी कल्पना करावी. पहिल्याच्या गुदद्वाराजवळ वारंवार गळू होते, फुटते, काही दिवस बरे वाटते आणि पुन्हा पू वाहू लागतो. दुसऱ्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली गालावर एक बारीक छिद्र पडले असून त्यातून अश्रू झिरपतात. तिसरी एक तरुण स्त्री आहे. दोन दिवस अडलेल्या बाळंतपणानंतर तिला लघवी धरून ठेवता येत नाही, रात्रंदिवस ती नकळत गळत राहते. चौथ्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. त्याच्या मनगटावर हात ठेवला तर कातडीखाली एखादे यंत्र चालू असल्यासारखी थरथर लागते.

या चौघांत वरवर पाहता काहीच साम्य नाही. तथापि चौघांच्याही शरीरात एकच गोष्ट घडलेली आहे. जेथे वाट नसावी तेथे वाट झाली आहे. या अनुचित वाटेस वैद्यकशास्त्रात नालव्रण म्हणतात. इंग्रजीतील ‘फिश्चुला’ हा शब्द मूळ लॅटिन भाषेतील असून त्याचा अर्थ नळी, वेळूची पोकळ कांडी किंवा पावा असा आहे. आपल्याकडील ‘नाल’ या शब्दातही तीच पोकळ नळीची कल्पना आहे.

व्याख्या आणि एक नियम

दोन पोकळ इंद्रियांना परस्परांशी, किंवा एखाद्या इंद्रियाला बाहेरच्या त्वचेशी जोडणारा अस्वाभाविक मार्ग म्हणजे नालव्रण. त्याला दोन तोंडे असतात. ज्या मार्गाला एकच तोंड असते आणि जो आत कोठेतरी बंद होतो, त्यास नाडीव्रण म्हणतात. दोन्ही जखमा वाहतात आणि दोन्ही चिवट असतात. म्हणून सामान्य बोलण्यात त्यांची गल्लत होते. परंतु उपचाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. एकच तोंड असेल तर आत काय अडकले आहे हे पाहावे लागते. दोन तोंडे असतील तर दुसरे कोठे उघडते हे शोधावे लागते.

आता असा प्रश्न उद्भवतो की, साधी जखम आपोआप भरून येते, मग ही वाट बुजत का नाही? याचे उत्तर शेतातील पाटाच्या दृष्टांताने चांगले समजेल. पाटाचा बांध फुटला आणि पाणी वाहतच राहिले, तर त्या फुटीत टाकलेली माती वाहून जाते. कालांतराने फुटीचे काठ टणक होतात आणि ती नवा ओहोळच बनते. तद्वतच ज्या मार्गातून पू, मूत्र, मल किंवा पाचक रस सतत वाहतो, त्या मार्गात नवे मांस धरत नाही. पुढे तर त्याच्या आतील बाजूस आच्छादक पेशींचे अस्तर तयार होते. मग शरीर त्या मार्गाला जखम न समजता आपलेच एक अंग समजू लागते आणि तो बुजवण्याचा उद्योग सोडून देते.

यावरून एक नियम निष्पन्न होतो. नालव्रण हा स्वतंत्र रोग नव्हे, तो दुसऱ्या कशाचा तरी परिणाम होय. त्याच्यामागे अडलेला प्रवाह, दडलेला पू, मृत झालेले मांस किंवा गर्भावस्थेतील घडणीचा दोष यांपैकी काहीतरी असतेच. त्या मूळ कारणाचा परिहार न करता केवळ बाहेरचे तोंड शिवून टाकणे म्हणजे पाणी चालू ठेवून बांध लिंपणे होय.

गुदद्वाराजवळील नालव्रण : भगंदर

नालव्रणांमध्ये सर्वांत परिचित प्रकार भगंदराचा. सुश्रुतसंहितेत त्याचे पाच भेद वर्णिले आहेत. चाळणीप्रमाणे अनेक छिद्रे असलेला तो शतपोनक. ज्याची पुळी उंटाच्या मानेसारखी उंचावते तो उष्ट्रग्रीव. सतत पाझरणारा तो परिस्रावी. शंखाच्या वेढ्यांशी ज्याचे साम्य आहे तो शंबूकावर्त. अन्नाबरोबर गिळलेल्या हाडाच्या तुकड्याने आतून इजा होऊन जो उद्भवतो तो उन्मार्गी. पहिल्या चार भेदांची कारणमीमांसा त्या काळच्या त्रिदोषविचारानुसार केलेली आहे. परंतु पाचव्याच्या बाबतीत बाह्य वस्तूने झालेली इजा हे कारण स्पष्टपणे नोंदवले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

आजच्या ज्ञानानुसार बहुतेक भगंदरांचा उगम गुदमार्गाच्या भिंतीतील सूक्ष्म ग्रंथींत होतो. या ग्रंथींचे स्राव बारीक नलिकांवाटे गुदमार्गात येतात. एखाद्या नलिकेचे तोंड बंद झाले की मागे स्राव साचतो, त्यात जंतू वाढतात आणि गळू तयार होते. पुवाला बाहेर पडण्यास जागा हवी असते. जिकडे विरोध कमी तिकडे तो सरकतो आणि अखेर गुदद्वाराजवळच्या त्वचेवर फुटतो. आतले तोंड ग्रंथीपाशी आणि बाहेरचे तोंड त्वचेवर, अशी नळी तयार होते. गळू फुटल्यावर वेदना थांबतात. रुग्णास वाटते, आपण बरे झालो. वस्तुतः तेव्हाच पुष्कळदा भगंदराचा आरंभ झालेला असतो.

गुदद्वाराभोवती ते आवळून धरणारे दोन वलयाकार स्नायू आहेत, एक आतला व एक बाहेरचा. मलाचा वेग धरून ठेवण्याची शक्ती त्यांच्यामुळे आपणास लाभते. १९७६ साली लंडन येथील शल्यविशारद ॲलन पार्क्स आणि त्यांचे सहकारी यांनी या स्नायूंच्या संदर्भाने भगंदराचे चार प्रकार पाडले. पहिल्यात नळी दोन स्नायूंच्या मधून खाली उतरते. दुसऱ्यात ती बाहेरचा स्नायूही भेदून जाते. तिसऱ्यात ती स्नायूंच्या वरून वळसा घेते. चौथा प्रकार विरळा असून त्यात नळी दोन्ही स्नायूंना सर्वस्वी बाहेर ठेवून थेट वरच्या गुदाशयाशी जोडलेली असते. हे वर्गीकरण केवळ पुस्तकी नाही. पहिल्या प्रकारात नळी उभी चिरून मोकळी केली तर ती तळापासून भरून येते. इतर प्रकारांत तसेच केले तर स्नायू कापला जाऊन रुग्णास मलावर ताबा ठेवता येणार नाही. म्हणून शस्त्र हाती घेण्यापूर्वी नळी कोणत्या वाटेने गेली आहे हे जाणणे अगत्याचे ठरते. आज चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने, म्हणजे एमआरआयच्या चित्रांवरून, ती वाट आधीच पाहता येते.

ग्रंथींच्या संसर्गाखेरीजही भगंदराची कारणे आहेत. आपल्या देशात क्षयरोग हे त्यांपैकी एक असून वारंवार उलटणाऱ्या भगंदरात त्याचा शोध घ्यावाच लागतो. आतड्यांच्या भिंतीचा दीर्घकालीन दाह करणारा क्रोनचा रोग हे दुसरे. इजा, कर्करोग आणि त्यावर केलेला किरणोपचार यांमुळेही भगंदर होतो. म्हणूनच शल्यविशारद नळीचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यास पाठवतात.

स्नायू न कापता नळी नष्ट करण्याचा एक प्राचीन उपाय म्हणजे क्षारसूत्र. स्नुही, म्हणजेच थोर, या झाडाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची एकवीस पुटे दिलेला दोरा नळीतून ओवून बांधतात आणि आठवड्याने बदलतात. दोरा हळूहळू मांस कापत बाहेर येतो आणि त्याच्या मागे जखम भरत जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांचे सहकारी यांनी या पद्धतीचे पुनरुज्जीवन केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत तिची शस्त्रक्रियेशी तुलना करून १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर जखम सुमारे ४ आठवड्यांत भरली, क्षारसूत्राने सुमारे ८ आठवडे लागले. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेकडा ११, तर क्षारसूत्रानंतर शेकडा ४ आढळले. परंपरेतील उपायाची योग्यायोग्यता श्रद्धेने वा उपहासाने न ठरवता मोजमापाने कशी ठरवावी, याचा हा उत्तम नमुना होय.

अश्रुमार्गाचा नालव्रण

डोळ्यातील अश्रू आतल्या कोपऱ्यातील दोन सूक्ष्म छिद्रांवाटे एका लहान पिशवीत जातात आणि तेथून नलिकेने नाकात उतरतात. रडताना नाक वाहते त्याचे कारण हेच. ही नलिका बंद झाली म्हणजे अश्रू पिशवीत तुंबतात, जंतुसंसर्ग होऊन गळू तयार होते आणि ते गालाच्या वरच्या भागी फुटते. मिंटो रुग्णालयाच्या दाराशी कल्पिलेल्या रुग्णाची स्थिती हीच होय. गालावरचे छिद्र मलमाने भरणार नाही. पिशवीतून नाकात नवी वाट करून दिली की ते बहुधा आपोआप बुजते. भगंदर आणि हा विकार यांत स्थान भिन्न असले, तरी क्रम तोच आहे : अडथळा, साचणे, संसर्ग, फुटणे आणि वाट.

आतड्यांचे नालव्रण

जठर किंवा आतडे आणि पोटाची त्वचा यांमध्ये जेव्हा मार्ग होतो, तेव्हा अन्नरस पोटावरील छिद्रातून बाहेर पडतो. असे बहुतेक नालव्रण पोटावरील शस्त्रक्रियेनंतर उद्भवतात. आतड्याचे शिवलेले टोक नीट न जुळणे, नकळत आतड्यास इजा होणे, किंवा रुग्ण मुळातच कृश असल्याने जखम न धरणे, ही त्याची कारणे. या रुग्णास तीन संकटांशी झुंजावे लागते. क्षार व पाणी यांचा नाश, पोषणाचा अभाव आणि जंतुसंसर्ग. दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक रस वाहत असेल तर स्थिती गंभीर समजतात.

अशा एका नालव्रणाने विज्ञानाच्या इतिहासात स्थान मिळवले आहे. १८२२ साली उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण मजुरास बंदुकीची गोळी लागून जठरास भोक पडले. तो जगला, पण भोक बुजले नाही. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी शल्यविशारद विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून अन्नाचे तुकडे दोऱ्याला बांधून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढले आणि पचन कसे होते याची निरीक्षणे १८३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जठररसात अन्न विरघळवण्याची रासायनिक शक्ती आहे हे त्यांवरून प्रत्यक्ष दिसून आले. मात्र त्या गरीब मजुराची परवशता हाच या प्रयोगांचा आधार होता, हेही विसरता कामा नये.

जन्मजात नालव्रण

काही नालव्रण रोगामुळे वा इजेमुळे होत नाहीत, ते जन्मतःच असतात. गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास श्वासनलिका आणि अन्ननलिका एकाच नळीपासून विलग होऊ लागतात. हे विलगीकरण अपुरे राहिले तर दोहोंमध्ये मार्ग उरतो. बहुतेक वेळा अन्ननलिकेचा वरचा भाग आंधळ्या पिशवीप्रमाणे बंद असतो आणि खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असतो. अशा अर्भकाच्या तोंडाशी सारखा फेस येतो, दूध पाजताच ते गुदमरते व निळे पडते. सुमारे तीन ते साडेचार हजार जन्मांमागे एका अर्भकात हा दोष आढळतो. तोंडातून घातलेली बारीक नळी जठरापर्यंत न जाता मध्येच अडली म्हणजे निदान जवळजवळ निश्चित होते. पूर्वी अशी बालके वाचत नसत. १९४१ साली अमेरिकेत कॅमेरॉन हाइट यांनी एकाच शस्त्रक्रियेत मार्ग बंद करून अन्ननलिकेची टोके जोडण्यात प्रथम यश मिळवले. आज मोठ्या रुग्णालयांत, बालक पूर्ण दिवसांचे व अन्यथा निरोगी असेल तर, ते बहुधा वाचते. मात्र त्याला तोंडाने काहीही न पाजता वेळेवर तेथे पोहोचवले पाहिजे.

प्रसूतीमुळे होणारा नालव्रण

आता वाणीविलास रुग्णालयाच्या दाराशी उभ्या असलेल्या स्त्रीकडे वळू. नालव्रणाच्या सर्व प्रकारांत हा सर्वांत दुःखद आणि त्याचबरोबर सर्वांत टाळता येण्याजोगा प्रकार होय.

बाळाचे डोके श्रोणीच्या हाडांतून बाहेर पडू शकले नाही म्हणजे बाळंतीण अडते. कळा चालूच राहतात. एका बाजूस बाळाची टाळू आणि दुसऱ्या बाजूस मातेचे जघनास्थी यांच्यामध्ये मूत्राशय व योनिमार्ग यांच्या भिंती चिमटल्या जातात. तेथील रक्तप्रवाह थांबतो. ही स्थिती तासन्‌तास टिकली तर ते मांस मरते. बाळ बहुधा मृत जन्मते. मरण पावलेले मांस प्रसूतीनंतर साधारण तीन ते दहा दिवसांत गळून पडते आणि मूत्राशयास भोक पडते. मागच्या बाजूस असेच झाले तर गुदाशय व योनिमार्ग यांमध्ये वाट होते. बाळ गमावलेल्या मातेच्या अंथरुणावर काही दिवसांनी ओल दिसू लागते, ती पुढे थांबतच नाही.

ही व्याधी प्राचीन आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हेनहेनित नावाच्या स्त्रीच्या जतन केलेल्या देहात असा नालव्रण आढळला आहे. त्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही निष्कलंक नाही. अमेरिकेत जे. मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात गुलाम कृष्णवर्णी स्त्रियांवर वारंवार प्रयोग करून ती सिद्ध केली. अनार्का नावाच्या एका तरुणीवर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या काळी भूल देण्याची सोय नुकतीच उपलब्ध होत असूनही तिला भूल देण्यात आली नाही. आज ज्या शस्त्रक्रियेने असंख्य स्त्रिया बऱ्या होतात, तिच्या मुळाशी ज्यांची संमती कोणी विचारली नाही अशा स्त्रियांची वेदना आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५० हजार ते १ लाख स्त्रियांना प्रसूतीजन्य नालव्रण होतो. याचे शारीरिक कारण वर सांगितलेच आहे. परंतु बाळाचे डोके अडणे हे जगात सर्वत्र घडते; ज्या देशांत वेळेवर शस्त्रक्रियेने प्रसूती करतात तेथे त्याचा परिणाम नालव्रणात होत नाही. म्हणजे हाडांची अरुंदता हे केवळ निमित्त, खरे कारण विलंब होय. हा विलंब तीन ठिकाणी होतो. रुग्णालयात न्यावे की नाही हे घरात ठरण्यास लागलेला वेळ हा पहिला. वाहन व रस्ता यांअभावी लागलेला वेळ हा दुसरा. रुग्णालयात पोहोचल्यावर शल्यविशारद, रक्त वा भूल यांची व्यवस्था होईपर्यंत लागलेला वेळ हा तिसरा.

या विलंबाच्याही आधी एक कारण उभे असते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची श्रोणी पुरती वाढलेली नसते. लहानपणी पोटभर अन्न न मिळालेल्या मुलीची वाढ तर कायमचीच खुंटते. अकाली मातृत्व आणि कुपोषण ही प्रसूती अडण्यामागील फार जुनी कारणे होत. या बाबतीत चामराजपेटेच्या नावाशी निगडित असलेली एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. ज्या चामराजेंद्र महाराजांचे नाव या पेठेस दिले आहे, त्यांच्याच कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षी, १८९४ साली, म्हैसूर संस्थानाने आठ वर्षांखालील मुलींच्या विवाहास बंदी करणारा कायदा केला. आज ती मर्यादा आपणास फारच तोकडी वाटते. परंतु विवाह ही केवळ घरची बाब नसून मुलीच्या देहाच्या रक्षणाचा प्रश्न आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. महाराजांच्या पश्चात राज्यकारभार पाहणाऱ्या महाराणींना वाणीविलास सन्निधान ही उपाधी होती आणि तेच नाव पुढे स्त्रियांच्या रुग्णालयास मिळाले. मराठी वाचकांस या प्रसंगी आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होईल. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि दहा दिवसांच्या बाळाचा मृत्यू हे भोगून त्या अमेरिकेस गेल्या, आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेताना त्यांनी आपल्या प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्राचाच विषय निवडला.

स्थिती पालटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५–०६ साली भारतात शेकडा ३८.७ प्रसूती रुग्णालयांत होत असत. २०१९–२१ मध्ये हे प्रमाण शेकडा ८८.६ झाले. प्रसूतीच्या प्रगतीची तासातासाने नोंद करणारा आलेख वापरला, तर ती अडत असल्याचे आधीच समजते. तथापि जेथे प्रसूतीजन्य नालव्रण कमी होतात तेथे दुसरा प्रकार पुढे येतो. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत मूत्राशय किंवा मूत्रनलिका दुखावली जाऊनही तीच गळती उद्भवते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणोपचारानंतर तर ती काही वर्षांनीही सुरू होऊ शकते. म्हणून अनावश्यक शस्त्रक्रिया टाळणे हाही प्रतिबंधाचाच भाग होय.

उपचारांविषयी आशा बाळगण्यास जागा आहे. नालव्रण लहान व ताजा असेल आणि मूत्राशयात नळी ठेवून लघवी काही आठवडे बाहेर वाहू दिली, तर तो आपोआप बुजण्याचा संभव असतो. प्रवाह वळवला की वाट बुजते, हा आरंभी सांगितलेला नियमच येथे उपयोगी पडतो. मोठ्या नालव्रणास शस्त्रक्रिया लागते आणि साध्या स्वरूपाच्या दहांपैकी सुमारे नऊ स्त्रियांत ती अनुभवी हातांनी यशस्वी होते.

मुद्दाम केलेला नालव्रण

आता राहिला चौथा रुग्ण. त्याचा नालव्रण हा अपघात नसून शल्यविशारदाने विचारपूर्वक घडवलेला आहे. मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्त यंत्राद्वारे शुद्ध करावे लागते. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा मोठ्या प्रमाणात रक्त बाहेर काढून परत घालावयाचे असते. हृदयाकडून रक्त नेणारी रोहिणी खोल असते आणि तिला वारंवार टोचणे धोक्याचे असते. हृदयाकडे रक्त परत आणणारी नीला वरवर असते, पण तिच्यातील प्रवाह मंद असतो. १९६६ साली न्यूयॉर्क येथील ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांचे सहकारी यांनी मनगटापाशी या दोन वाहिन्या एकमेकींस जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रोहिणीचे रक्त वेगाने नीलेत शिरते. काही आठवड्यांत नीला रुंद व जाड होते आणि तीत सुई टोचणे सुलभ होते. हाताला लागणारी थरथर ही त्या प्रवाहाची होय, ती थांबली तर तत्काळ डॉक्टरांस कळवावे लागते. या हातावर रक्तदाब मोजू नये, तपासणीसाठी रक्त काढू नये आणि जड ओझे टांगू नये. जो प्रवाह अन्यत्र वाट बुजू देत नाही, त्याच प्रवाहाच्या बळावर येथे वाट उघडी राहते. एकच नियम शापही ठरतो आणि वरदानही.

वाट न बुजण्याची कारणे

आतापर्यंतच्या विवेचनाचे सार असे सांगता येईल. कोणताही नालव्रण उघडा राहण्यामागे बहुधा पुढील सहांपैकी एक किंवा अधिक कारणे असतात. आत राहिलेली बाह्य वस्तू. किरणोपचाराने निर्जीव झालेले मांस. क्षयरोग वा क्रोनचा रोग यांसारखा दीर्घ दाह. मार्गास आतून आलेले पेशींचे अस्तर. कर्करोग. आणि पुढील मार्गातील अडथळा. चिकित्सक या सहांचा क्रमाने शोध घेतो. रुग्ण कुपोषित असेल वा त्याचा मधुमेह आटोक्यात नसेल, तर सर्व उपाय योग्य असूनही जखम भरत नाही, म्हणून त्यांचाही विचार करावा लागतो.

या सहांत वैद्यकाच्या पुस्तकांत सहसा नसलेल्या एका कारणाची भर घालावी लागेल. ते म्हणजे संकोच. नालव्रण बहुधा शरीराच्या ज्या भागांत होतो, त्यांचा उच्चार करणे आपणास लाजिरवाणे वाटते. गुदद्वाराजवळच्या कोणत्याही तक्रारीस सरसकट मूळव्याध म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः मूळव्याध म्हणजे गुदमार्गातील रक्तवाहिन्यांच्या उशीसारख्या भागांचा फुगवटा; तीत बहुधा रक्त पडते, पू वाहत नाही. पू वाहत असता मूळव्याधीचे औषध घेत बसणे म्हणजे काळ दवडणे होय. गावोगावच्या चौकांत बिनाशस्त्रक्रियेची हमी देणारे फलक लावून बसलेल्या अशिक्षित वैदूंचा धंदा याच संकोचावर चालतो. दाहक द्रव्याच्या एका सुईने वलयस्नायू कायमचा निकामी होऊ शकतो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यासही भगंदर झाला होता. मलम व लेप यांत महिने घालवल्यावर १६८६ साली फेलिक्स नावाच्या शल्यविशारदाकडून त्याने शस्त्रक्रिया करून घेतली आणि तो बरा झाला. त्यामुळे शल्यविशारदांची प्रतिष्ठा वाढली असे इतिहासकार सांगतात.

लघवी गळणाऱ्या स्त्रीचे दुःख याहून मोठे आहे. दुर्गंधीमुळे तिला स्वयंपाकघरातून, देवळातून, एसटीच्या आसनावरून आणि पुष्कळदा पतीच्या घरातूनही उठावे लागते. हा आपल्या कर्माचा भोग आहे असे तिला सांगितले जाते आणि तीही ते खरे मानते. जिचा रोग एका शस्त्रक्रियेने बरा होण्याजोगा आहे, ती केवळ कोणास सांगितले नाही म्हणून वर्षानुवर्षे ओल्या वस्त्रांत बसून राहते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ सालापासून २३ मे हा दिवस प्रसूतीजन्य नालव्रणाच्या निर्मूलनासाठी नेमला आहे, तो हे मौन मोडण्यासाठीच होय.

चामराजपेटेतील त्या चार दारांशी येणारा रुग्ण कोणत्या वाटेने आला, हे शल्यविशारद शोधून काढतो. परंतु तो उशिरा का आला याचे उत्तर शस्त्रक्रियागृहात सापडत नाही. ते घरात, शाळेत, रस्त्यावर आणि आपल्या बोलण्याच्या सवयींत असते. शरीरातील अनुचित वाटा बुजवण्याचे काम वैद्यकाचे आहे. रुग्णालयाकडे जाणारी उचित वाट मोकळी ठेवणे हे मात्र सर्वांचेच कर्तव्य होय.